डॉक्टरच्या चिठ्ठीतून आलेले व्यसन



मादक द्रव्ये म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अंधारी गल्ली आणि वाया गेलेला मुलगा उभा राहतो. अमेरिकेतील संकट मात्र डॉक्टरच्या चिठ्ठीतून सुरू झाले.

१९९६ साली पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आणली. तिच्यातील द्रव्य अफूच्याच कुळातले. पण औषध बारा तास हळूहळू सुटते, म्हणून सवय लागण्याचे भय कमी, असे विक्रेते डॉक्टरांना सांगत. ते खरे नव्हते. २००७ साली कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोपर्यंत वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणींच्या गावांत, जिथे घरोघरी पाठ धरलेले मजूर, ही गोळी पोहोचली होती. आपल्या आजोबांनी जन्मभर ऊस तोडला. दुखऱ्या पाठीवर डॉक्टरने अशी गोळी दिली असती तर त्यांनीही ती विश्वासाने घेतली असती.

२०१० साली गोळी सहज चिरडता येऊ नये अशी बनविली. पुढे चिठ्ठ्याही कमी झाल्या. पण लागलेली सवय कुठे जाणार? उपचाराची सोय अपुरी, म्हणून अनेकजण हेरॉइनकडे वळले. २०१३ नंतर फेंटानिल पसरले, हेरॉइनहून सुमारे पन्नास पट जहाल. २०२२ या एका वर्षात मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने तेथे सुमारे १,०८,००० माणसे गेली. २०२४ साली हा आकडा सुमारे ८०,००० वर आला. नालोक्सोन हे नाकात फवारायचे औषध २०२३ पासून तेथे चिठ्ठीशिवाय मिळते. थांबत आलेला श्वास त्याने परत येऊ शकतो. पण ते फवारायला दुसरे माणूस जवळ हवे. लाजेने दार लावून घेतलेल्याजवळ कोण असणार?

आपल्याकडे १९८५ च्या अखेरीस विधानसभेचे चार सदस्य आम्स्टरडॅम विमानतळावर हेरॉइनच्या प्रकरणात पकडले गेले, तेव्हा बैठकांतून किती चर्चा झाली! २००६ पासून मेथाडोनचे उपचार सुरू झाले, त्यांविषयी मात्र आपण घरात अवाक्षर काढत नाही. आता तर सिंथेटिक द्रव्ये तरुण पोरांपर्यंत आली आहेत.

गेल्या पालकसभेत सगळ्यांनी गुणांविषयीच विचारले. सभा संपल्यावर एक आई दाराशी थांबली. सगळे गेल्याची खात्री करून हळूच म्हणाली, "गुरुजी, जरा बोलायचं होतं."