फटक्यांची सरासरी

क्रिकेटमध्ये ऑस्ट्रेलियाकडून मार खाल्ला की आपल्याकडे कुणीतरी हमखास म्हणतो, ‘शेवटी कैद्यांचीच अवलाद!’ यावर फार शाई घालवण्यात अर्थ नाही. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे १,६२,००० स्त्री-पुरुष तिकडे धाडले गेले हे खरे. पण १८५१ नंतर सोन्यामागे धावत आलेल्या लोंढ्याने त्यांना संख्येत केव्हाच मागे टाकले. आणि चोरी रक्तातून उतरते असे मानायचे, तर १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी आपल्याच काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्याला आपण कोणत्या तोंडाने नावे ठेवणार?

याच्या उलट टोकाला कनवाळू मंडळी बसली आहेत. त्यांच्या मते हे सगळे पावाच्या तुकड्यापायी देशोधडीला लागलेले निष्पाप जीव. तेही खरे नाही. बहुतेकजण चोरटे होते आणि अनेकांची ती पहिली चोरी नव्हती. १८३४ साली मजूर संघटनेची शपथ घेतली म्हणून धाडलेले टॉलपडलचे सहा शेतमजूर यांसारखे लोक मूठभरच. शिवाय ज्याच्यावर अन्याय होतो तो अन्याय करत नाही, असे कुठे आहे? १८३८ साली मायल क्रीक येथे किमान २८ आदिवासींना, त्यांत बायका-मुलेही होती, कापून काढणाऱ्यांपैकी अकरा जणांवर खटला चालला. ते अकराही जण कैदी किंवा माजी कैदी होते. सात फासावर गेले. टोळीतला जन्माने स्वतंत्र असलेला एकटा गोरा जमीनदार मात्र निसटला.

खरा वाद घालायचा तो तिसऱ्या पक्षाशी, कारण तो अभ्यास करून बोलतो. १९८८ साली ‘कन्व्हिक्ट वर्कर्स’ हा ग्रंथ निघाला. त्याचे म्हणणे असे, की हे लोक सराईत गुन्हेगार नसून साधे कामगार होते. सुतार, लोहार, शेतमजूर, बरेचसे साक्षरही. इथवर मला पूर्ण मान्य आहे. पण पुढे हे अभ्यासक सांगतात, की फटक्यांचा बाऊ झाला आहे, कारण बहुसंख्य कैद्यांना उभ्या शिक्षेत फार तर एकदा फटके बसले किंवा बसलेच नाहीत.

इथे हिशेब बरोबर आहे आणि निष्कर्ष चुकला आहे. ब्रिटिश संसदेच्या मोल्सवर्थ समितीपुढे आलेले आकडे पाहा. १८३३च्या एका महिन्यात न्यू साउथ वेल्समध्ये २४७ कैद्यांना मिळून ९,७८४ फटके मारले गेले. माणशी चाळीसच्या घरात. फटके चारचौघांत मारले जात आणि बाकीच्या कैद्यांना ते बघायला उभे केले जाई. एकाची पाठ सोलली की पन्नास जणांचे हात भराभर चालू लागतात. ज्याला एकही फटका बसला नाही तोही त्याच आसुडाखाली राबत होता, आणि ती भीती सरासरीत मोजता येत नाही.

फटके कशासाठी, हेही पाहिले पाहिजे. बहुतांश कैदी तुरुंगात नव्हतेच. ते खासगी मालकांकडे कामाला नेमून दिलेले होते. मॅजिस्ट्रेटपुढे येणारे आरोप आळस, उर्मट उत्तर, दारू, कामात कुचराई, न विचारता गैरहजेरी असे असत. मालकाला स्वतः हात उगारायला बंदी होती, पण गावातला मॅजिस्ट्रेट बहुधा शेजारचाच जमीनदार असे. गव्हर्नर बुर्क यांच्या काळात, १८३२ साली, अशा मॅजिस्ट्रेटच्या हातची मर्यादा पन्नास फटक्यांवर आणली, तर जमीनदारांनी कैदी शेफारले म्हणून गिल्ला केला. मग पन्नास फटके पुरेसे दुखतात की नाही याचे अहवाल मागवले गेले, आणि कितव्या फटक्याला रक्त आले, कोण ओरडला, कोण गप्प राहिला, अशा नोंदी अधिकाऱ्यांनी शांतपणे लिहून पाठवल्या. लंडनमधल्या चोरीशी या रक्ताचा काहीएक संबंध उरला नव्हता.

आसुडाच्या जोडीला आमिष होते. सात वर्षांच्या कैद्याला चार वर्षे नीट वागल्यावर ‘तिकीट ऑफ लीव्ह’ मिळे, म्हणजे ठरावीक जिल्ह्यात स्वतःपुरते कमावण्याची मुभा. मालकाच्या एका तक्रारीने ते लांबे. (ही तिकिटाची पद्धत पुढे अंदमानातही आली, आपल्याला ती काळ्या पाण्याच्या कथांतून ठाऊक आहे.) शिक्षा संपली तरी परतीचे भाडे सरकार देत नसे, म्हणून सात वर्षांची शिक्षा बहुतेकांना जन्माची ठरली.

यावर कोणी म्हणेल, काहींचे तर भलेच झाले. झाले ना! घोडाचोरीबद्दल पोरवयात आलेली मेरी रीबी मोठी व्यापारी झाली आणि आज वीस डॉलरच्या नोटेवर आहे. खोटे दस्त करणारा फ्रान्सिस ग्रीनवे तिथला नामांकित वास्तुकार झाला, आणि त्याचेही चित्र १९६६ ते १९९३ या काळात दहा डॉलरच्या नोटेवर होते. नोटेवर बनावटगिराला बसवणारा देश विनोदबुद्धीचा म्हणायचा. कायद्याने ते गुलामही नव्हते. १७८८ सालीच हेन्री आणि सुझाना केबल या कैदी जोडप्याने सामान गहाळ केल्याबद्दल जहाजाच्या कप्तानावर दावा लावून १५ पौंड वसूल केले. पण दोन-चार नोटांवरचे चेहरे दाखवून लाखाची वेठ झाकता येत नाही.

शिक्षेचे खरे प्रयोजन काय होते, ते पश्चिम ऑस्ट्रेलियाने स्वतःच सांगून ठेवले आहे. १८२९ साली वसलेली स्वान नदीकाठची ती वसाहत मुक्त होती, तिला कैद्यांचे ओझे नव्हते. मजूर मिळेनात म्हणून तिथल्या जमीनदारांनीच लंडनकडे कैदी मागितले. १८४९ साली सिडनीच्या धक्क्यावर कैद्यांचे जहाज आले तेव्हा तिथले मजूर आपली मजुरी पडेल म्हणून निदर्शने करत होते, आणि पुढच्याच वर्षी पश्चिमेकडच्या फ्रीमँटल बंदरात पहिले जहाज मागवून घेतले गेले. पुढच्या अठरा वर्षांत जवळपास दहा हजार कैदी तिथे उतरले, रस्ते, पूल आणि स्वतःसाठी तुरुंगही बांधून गेले. वसाहतवाल्यांची अट होती की बायका पाठवू नका. त्या दहा हजारांत एकही बाई नव्हती.