विजय नगरातला समुद्र

"येताना वीस लिटर समुद्राचे पाणी घेऊन ये," असा इंदूरहून मावसभावाचा फोन आला, तेव्हा मला आधी वाटले, वहिनींनी कसले तरी व्रत धरले असावे. लग्न होऊन मावशी पणजीहून इंदूरला गेली, त्याला पन्नासएक वर्षे झाली. तिकडची मंडळी आमच्याकडून काजू मागवतात, कोकम मागवतात, सुके बांगडे मागवतात. समुद्र आजवर कोणी मागवला नव्हता. मग उलगडा झाला. विजय नगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भाऊ खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची काचेची टाकी मांडणार होता. दोनशे लिटरची.

पाणी मी नेले नाही. मिरामारचे पाणी म्हणजे मांडवीच्या मुखाचे, गढूळ, आणि पावसात अर्धे गोडे. पण त्या निमित्ताने थोडे वाचले आणि लाज वाटली. जन्म समुद्राकाठी गेला, नुस्त्याशिवाय घास उतरत नाही, आणि समुद्राच्या एका लिटरात मीठ किती हे ठाऊक नव्हते. साधारण ३५ ग्रॅम. म्हणजे भावाच्या टाकीला सात किलो, आणि तेही स्वयंपाकघरातले नव्हे. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे बरेच काही असते, म्हणून त्याचे तयार मीठ वेगळे मिळते. इंदूरच्या नळाला जलूदहून चढवून आणलेली नर्मदा येते. तिच्यातले क्लोरीन आणि क्षार काढून अगदी कोऱ्या केलेल्या पाण्यात हे मीठ विरघळवायचे. मे महिन्यात तिकडे पाणी भराभर उडते. पाणी उडते, मीठ मागे राहते. आगरवाड्याची मिठागरे पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे.

डिसेंबरात रजा घेऊन गेलो. टाकीत खडक होते, वाळू होती, आणि एकच निळा मासा कोपऱ्यात धापा टाकत होता. पाच आणले होते. दुकानदाराने तिसऱ्याच दिवशी दिले, "हे काटक असतात, यांच्यामुळेच टाकी सुरू होते" असे सांगून. पुतणीने पाचांनाही नावे ठेवली होती. चार तिने गुलमोहराच्या मुळाशी पुरले.

माझे म्हणणे आहे ते याबद्दलच.

माशाच्या विष्ठेतून, कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया होतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, त्यामुळे तिथे तो गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त मारक. काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. आमच्या कार्यालयाच्या भाषेत सांगायचे तर फाईल दोन टेबलांवरून जाते. नव्या टाकीत दोन्ही टेबले रिकामी असतात. भरती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि दुसऱ्या टेबलाची भरती नेहमी उशिराच. तोवर मासे सोडणे म्हणजे कर्मचारी नेमण्याआधीच जनतेला रांगेत उभे करणे. (हेही आमच्याकडे होतेच म्हणा.)

आणि माशांची गरजच नसते. मोजून अमोनियाचे थेंब टाकावेत किंवा चिमूटभर खाद्य कुजू द्यावे. कोणी बाटलीतले जिवाणू विरजणासारखे घालतात, हरकत नाही; पण विरजण लावल्यावरही दही लागायला रात्र जावी लागते. दर दोन दिवसांनी परीक्षानळीत रंग बघायचा. दहा लाख भागांत दोन भाग अमोनिया टाकून चोवीस तासांत तोही शून्य आणि नायट्राइटही शून्य, म्हणजे टाकी तयार. तोवर दिसते काय? खडकावर चढणारा तपकिरी थर.

"भावजी, महिना-दीड महिना नुसते पाणीच बघायचे?" वहिनींनी विचारले. होय, बघायचे. ज्याला तेवढे जमत नाही त्याने ही टाकी घेऊ नये, असे मी तोंडावर सांगितले आणि त्या दिवशीच्या पोह्यांवर शेव जरा कमीच पडली.

दुसरे भांडण प्रवाळांवरून. "मागच्या खोलीतला माल" दाखवायची एकाची तयारी होती. खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मेलेला तुकडासुद्धा चालत नाही. मी सरकारी नोकर म्हणून बोलतोय, असे भावाला वाटले. तसे नव्हते. २०२४ साली जगभर समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले, आपले लक्षद्वीपही सुटले नाही. अशा वेळी आणखी एक तुकडा तोडून चाळीस अंशांच्या गावात, शीतयंत्र आणि जनित्राच्या भरवशावर ठेवायचा कशासाठी?

भाऊ तापला. "तुम्ही लोक काठावर बसून सांगता. माझ्या पोरीने समुद्र आयुष्यात दोनदा पाहिलाय." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. गोव्यात ग्रांदे बेटाजवळ प्रवाळ आहेत. ते पर्यटक बुडी मारून पाहतात. माझ्या ओळखीच्या एकाही गोवेकराने पाहिलेले नाहीत, मीही नाही. टाकी नकोच, असे म्हणण्याचा अधिकार मला कुठून आला?

तेव्हा तोडगा निघाला. भट्टीत भाजलेले कृत्रिम खडक, प्रवाळ नाहीत, आणि मासे फक्त पैदास केंद्रातले. विदूषक मासा, पोरांचा 'निमो', आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजमला केव्हाच बंदिस्त वाढवून दाखवला आहे. तो समुद्रातून ओढून आणावा लागत नाही. विकणाऱ्याला विचारायचे, सांगता आले नाही तर उठायचे.

उरलेला निळा मासा ओळखीच्या एकाच्या जुन्या, लागलेल्या टाकीत गेला. पुतणीने वहीत रकाने आखले. आता रोज रात्री मला त्या पानाचा फोटो येतो. काल चौतिसावा दिवस होता. अमोनियाखाली शून्य. नायट्राइटच्या रकान्यात तिने आधी शून्य लिहून खोडले आहे आणि बाजूला लिहिले आहे, "थोडा जांभळा वाटतो. उद्या परत."