पोलाद आमचे, प्रमाणपत्र त्यांचे!

१ जानेवारी २०२६ या दिवशी युरोपीय संघाने आपल्या सीमेवर एक नवा जकातनाका उभा केला. या नाक्यावर मालाचे वजन होत नाही, मालासाठी निघालेल्या धुराचे होते. कायद्याचे नाव मोठे भारदस्त आहे : कार्बन सीमा समायोजन यंत्रणा. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज हे पदार्थ युरोपात न्यायचे, तर ते तयार होताना किती कार्बन डायऑक्साइड वातावरणात गेला याचा हिशोब द्यायचा आणि त्या प्रमाणात तेथील आयातदाराने प्रमाणपत्रे विकत घ्यायची. पैसे आयातदार भरणार हे खरे. पण ते वसूल कोणाकडून होणार, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. तो आपल्या कारखानदाराला भाव पाडून मागणार, किंवा दुसरीकडे वळणार.

पर्यावरणरक्षणाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. नदीला माता मानणाऱ्या समाजाला निसर्गाविषयीच्या आदराचे धडे ब्रुसेल्सहून मागवावे लागत नाहीत. प्रश्न वेगळाच आहे. धडा देणाऱ्याचा स्वतःचा इतिहास काय? आणि त्याहून अवघड प्रश्न असा, की धडा देणारा दांभिक आहे म्हणून आपला धूर पवित्र ठरतो काय?

धुराचा इतिहास

१७०९ साली इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड वितळवले. औद्योगिक क्रांतीची भट्टी तेथे पेटली आणि पुढची तीनशे वर्षे ती विझली नाही. त्या भट्टीवर रेल्वे उभ्या राहिल्या, जहाजे बांधली गेली, साम्राज्ये पोसली गेली. वातावरणात आज जो कार्बन साचला आहे, त्यातील मोठा वाटा या तीन शतकांतील पाश्चात्त्य चिमण्यांचा आहे.

त्याच काळात आपल्याकडे काय घडले? ज्या देशाच्या कारागिरांनी सोळाशे वर्षांपूर्वी दिल्लीचा लोहस्तंभ घडवला, ज्या दक्षिण भारतातील मुशींमधून निघालेल्या पोलादाच्या वड्या पश्चिम आशियात तलवारींसाठी जात, त्या देशातील लोहविद्या मोडून पडली. एकीकडे आयात केलेले स्वस्त विलायती लोखंड आणि दुसरीकडे लाकडी कोळशाची वाट अडवणारे वनकायदे, या कात्रीत मध्य भारतातील अगरियांसारख्या जमातींच्या मातीच्या भट्ट्या थंडावल्या. त्या भट्ट्यांना परत आणता येणार नाही. आजच्या गरजेइतके लोखंड लाकडी कोळशावर काढायचे, तर देशात झाड उरायचे नाही. परंतु ज्यांनी आपली वाट बंद करून स्वतःचा धूर वाढवला, तेच आज धुराचे तराजू घेऊन दारात उभे आहेत, हे विसरून चालणार नाही.

या तराजूतील दुसरी मेख पाहा. अमेरिकेत सुमारे ७० टक्के पोलाद विजेच्या भट्टीत, मुख्यतः भंगार वितळवून तयार होते. त्यात खनिज लोखंडातून पोलाद काढण्यापेक्षा धूर कितीतरी कमी. पण हे भंगार आले कोठून? शंभर-दीडशे वर्षे कोळसा जाळून बांधलेले पूल, कारखाने, मोटारी यांचेच ते अवशेष. आजोबांनी केलेल्या प्रदूषणावर नातू 'हरित' म्हणून मिरवत आहे! भारताने पोलाद वापरायला आता कुठे आरंभ केला आहे. आपला दरडोई वार्षिक वापर जेमतेम १०० किलोच्या घरात आहे. जगाची सरासरी २०० किलोहून अधिक, तर चीनची ६०० किलोच्या पुढे आहे. ज्या इमारती आपण आज बांधतो आहोत, त्यांतील सळया भंगारात यायला अजून दोन पिढ्या जातील.

आणि युरोप स्वतः काय करतो? त्याने आपली कार्बन बाजारपेठ २००५ साली सुरू केली, पण स्वतःच्या पोलाद कारखान्यांना उत्सर्जनाचे परवाने मोठ्या प्रमाणात फुकट वाटले. ते पूर्णपणे बंद व्हायला २०३४ साल उजाडणार आहे. ब्रिटनमधील पोर्ट टॅलबट येथे टाटांच्या कारखान्यातील शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाली. तेथे विजेची भट्टी उभारण्यासाठी ब्रिटिश सरकारने ५० कोटी पौंडांचे साहाय्य मंजूर केले. म्हणजे आपले पाच हजार कोटी रुपयांहून अधिक, तेही एका कारखान्यासाठी. आपल्या १९,७४४ कोटींच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात पोलादातील प्रायोगिक प्रकल्पांसाठी ४५५ कोटींची तरतूद आहे. एवढे करूनही आर्सेलरमित्तल या बलाढ्य कंपनीने जून २०२५ मध्ये जर्मनीतील आपले हायड्रोजनकडे नेणारे प्रकल्प गुंडाळले. १३० कोटी युरोंचे सरकारी साहाय्य समोर असतानाही हिशोब जुळेना! जे श्रीमंतांना अनुदान घेऊन जमत नाही, ते गरिबाने दंड भरून करावे, असा हा न्याय आहे.

आता आरसा

येथपर्यंत वाचून ज्यांच्या माना समाधानाने डोलल्या असतील, त्यांनी थोडे थांबावे. युरोपच्या दांभिकतेवर बोट ठेवणे सोपे आहे. तेवढ्यावर थांबलो, तर आपण पत्रकार राहणार नाही, कारखानदारांचे भाट ठरू.

काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका गावी मुक्कामाचा योग आला. गावाशेजारी स्पंज आयर्नची भट्टी होती. सायंकाळी अंगणात गप्पा रंगल्या असता यजमानांच्या गृहिणीने वाळत घातलेले कपडे लगबगीने आत नेले. कारण विचारता ती म्हणाली, "रात्री ते मशीन बंद ठेवतात ना, भाऊ. सकाळी सगळं काळं होते." ते 'मशीन' म्हणजे चिमणीतील धूळ पकडणारे विजेचे यंत्र. गावाचा समज असा, की विजेचे बिल वाचवण्यासाठी ते रात्री बंद राहते. खरेखोटे कारखान्याला ठाऊक; पण सकाळी अंगणातील तुळशीच्या पानांवरून मी बोट फिरवले, ते काळे झाले. त्या काजळीला युरोपचा कायदा जबाबदार नव्हता. तेथे ना गोरा साहेब होता, ना परकीय षड्यंत्र. मालक आपला, अधिकारी आपला आणि खोकणारे मूलही आपलेच.

वस्तुस्थिती अशी, की आपल्याकडे एक टन कच्चे पोलाद तयार होताना सरासरी सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो; जगाची सरासरी दोन टनांच्या आत आहे. २०१८ साली जपानला मागे टाकून आपण उत्पादनात जगात दुसरे झालो. २०२४-२५ मध्ये आपले कच्च्या पोलादाचे उत्पादन १५ कोटी टनांवर गेले. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत क्षमता ३० कोटी टनांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. क्षमता वाढावी, यात वाद नाही. पण धूरही तसाच वाढायचा का?

या धुराचे कारण आपल्या भट्ट्यांच्या रचनेत आहे. खनिजातील लोखंड प्राणवायूशी जखडलेले असते. ती जखडण सोडवायला कार्बन लागतो. झोतभट्टीत ते काम कोक करतो. स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्टीत साधा दगडी कोळसा करतो. स्पंज आयर्नच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, आणि त्यातील बहुतांश कोळशावरचे आहे. हेच काम नैसर्गिक वायूने केले, तर धूर बराच घटतो. पण वायू आपल्याकडे अपुरा आणि महाग. हायड्रोजनने केले, तर धुराऐवजी पाण्याची वाफ निघते.

मात्र हायड्रोजन म्हणजे जादूची कांडी नव्हे. एक टन पोलादाला साधारण ५० ते ५५ किलो हायड्रोजन लागतो आणि पाण्यातून एक किलो हायड्रोजन वेगळा करायला ५० युनिटांहून अधिक वीज. आजचे १५ कोटी टन सगळे या मार्गाने काढायचे, तर केवळ हायड्रोजनसाठी देशात निर्माण होणाऱ्या एकूण विजेच्या जवळजवळ पाव हिस्सा लागेल. तीही सूर्याची वा वाऱ्याची हवी. कोळशाच्या विजेवर हायड्रोजन काढणे म्हणजे उंबऱ्यावरचा केर घरात लोटणे. म्हणून हा मार्ग दीर्घ पल्ल्याचा आहे. तो आजच आखायचा आहे, पण तो उद्याच संपेल असे सांगणारा एक तर अज्ञानी आहे किंवा काहीतरी विकणारा.

खरी परावलंबिता

स्वदेशीचा विचार मानणाऱ्यांनी आणखी एका आकड्याकडे पाहावे. झोतभट्टीला लागणाऱ्या कोकिंग कोळशापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण आयात करतो, आणि तो मुख्यतः ऑस्ट्रेलियातून. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध भडकताच या कोळशाचा भाव टनामागे ६०० डॉलरच्या पुढे गेला. युद्ध युरोपात आणि चटका बसला घर बांधणाऱ्या आपल्या माणसाला! खनिज आपले, कामगार आपला, भट्टी आपली. पण तिच्यातील अग्नी परक्याचा. याला आत्मनिर्भरता म्हणायचे कसे? नवी झोतभट्टी उभारली, की चाळीस वर्षांची ही आयात आपण स्वतःच्या गळ्यात बांधून घेतो. उलट ऊन आपले आहे, वारा आपला आहे आणि भंगारही आपलेच आहे. म्हणून स्वच्छ पोलाद हा युरोपला खूश करण्याचा कार्यक्रम नाही. तो स्वदेशीचाच पुढचा अध्याय आहे.

करायचे काय?

पहिली गोष्ट, कर भरायचाच तर तो स्वदेशात भरावा. उत्पादक देशात कार्बनची किंमत आधीच मोजली असेल, तर तेवढी वजावट देण्याची तरतूद युरोपच्या कायद्यातच आहे. भारताने २०२३ साली स्वतःची कार्बन पत व्यापार योजना अधिसूचित केली. ती दमदारपणे राबवली, तर जो पैसा ब्रुसेल्सच्या तिजोरीत जाईल, तो येथेच राहून येथील भट्ट्या सुधारील.

दुसरी गोष्ट, मापदंड आपला असावा. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर ते हरित, १.६ च्या खाली असेल तर पाच तारे. हा आरंभ स्वागतार्ह आहे. पण मापदंड भिंतीवर टांगून काम होत नाही. देशातील पोलादाचा फार मोठा ग्राहक स्वतः सरकार आहे. पूल, महामार्ग, मेट्रो, रेल्वे यांच्या निविदांत तारांकित पोलादाचा वाटा सक्तीचा करावा. बाजार आपोआप वळेल. भार किती पडेल? सहाशे चौरस फुटांच्या घराला, चौरस फुटाला चार किलो या ढोबळ हिशोबाने, सुमारे अडीच टन सळई लागते. हरित सळई टनामागे पाच हजारांनी महाग धरली, तरी घरामागे साडेबारा हजार रुपये होतात. लाखोंच्या घरात आपण यापेक्षा अधिक खर्च दिवाणखान्यातील झुंबरावर करतो.

तिसरी गोष्ट, लहान कारखानदाराला वाऱ्यावर सोडू नये. जालन्याच्या भट्ट्या वर्षानुवर्षे भंगार वितळवून सळया काढत आहेत. अलंगला फुटणाऱ्या जहाजांचे पोलाद पुन्हा कामी येते. ही खरी हरित परंपरा. पण उत्सर्जनाची मोजदाद आणि पडताळणी करणारा अभियंता ठेवणे या उद्योजकांना परवडत नाही. ते काम सरकारने वसाहतनिहाय केंद्रे उघडून करावे. २०१९ च्या भंगार पुनर्वापर धोरणानेच नमूद केले आहे, की एक टन भंगार वापरले तर १.१ टन खनिज आणि ६३० किलो कोकिंग कोळसा वाचतो. येथे आपल्या कुटुंबांचेही कर्तव्य येते. दारात वर्षानुवर्षे गंजणारी जुनी मोटार अधिकृत केंद्रात द्यावी. भंगारवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालताना, तो राष्ट्राचा कोळसा वाचवतो आहे, याचे स्मरण असावे.

चौथी आणि सर्वांत निकडीची गोष्ट गडचिरोलीची. सुरजागडच्या खनिजावर त्या जिल्ह्याला पोलादनगरी बनवण्याच्या घोषणा आपण ऐकतो आहोत. नक्षलवादाने पिचलेल्या भूमीत उद्योग यावा, वनवासी बांधवांच्या मुलांना काम मिळावे, ही आपलीही इच्छा आहे. पण २०३० मध्ये तेथे पेटलेली कोळशाची भट्टी २०७० मध्येही धगधगत असेल. आणि भारताने शून्य उत्सर्जनाचे जे वर्ष जगाला सांगितले आहे, ते हेच. जुन्या कारखान्याला सवलत समजू शकते. नव्याला जुन्या चुका करण्याची मुभा कशासाठी? तेथील अरण्यात राहणाऱ्या माणसाला नोकरी आणि स्वच्छ हवा यांतून एकच निवडायला लावणे, हा विकास नव्हे.

आठवण एका घटनेची. जमशेदजी टाटांच्या पश्चात पोलाद कारखान्यासाठी लंडनच्या बाजारात भांडवल उभे राहीना, तेव्हा १९०७ साली ते मुंबईत विक्रीस काढले गेले. स्वदेशीच्या भारावलेल्या वातावरणात हजारो भारतीयांनी काही आठवड्यांतच ते उभे केले. १९१२ साली साकचीला पोलाद निघाले. ज्यांनी ते समभाग घेतले, त्यांनी इंग्रजांना केवळ शिव्या दिल्या नाहीत. आपली बचत भट्टीत घातली. आज युरोपला शिव्या घालणारे पुष्कळ भेटतात. विदर्भातील त्या गावी रात्री चिमणीवरचे यंत्र चालू आहे की नाही, हे पाहायला जाणारे मात्र फार थोडे. आपल्या कार्यकर्त्यांनी तेथून आरंभ करावा.