उंदीर वासाने हटत नाहीत

बाजरीची मळणी उरकून धान्य घरात आले, की शिरूर व दौंड तालुक्यांतील घरांतून उंदरांचा उपद्रव वाढू लागतो. त्याच सुमारास कोनाड्यांतून डांबराच्या गोळ्या दिसू लागतात. कोणी कापूर ठेवतो, कोणी निरगुडीचा पाला पसरतो, तर कोणी मिरच्यांची धुरी देतो. मनुष्यास ऐकू न येणारा आवाज काढणारी विजेची उपकरणेही आता बाजारात मिळतात. या उपायांनी उंदीर घराबाहेर राहतात काय? आमचे स्पष्ट मत असे, की राहत नाहीत.

“गोळ्या ठेवल्या आणि उंदीर गेले,” असा अनुभव कित्येक शेतकरी बंधू सांगतात. हा अनुभव खोटा नव्हे. त्याचा अर्थ मात्र निराळा आहे. उंदीर स्वभावतः संशयी असतो. नेहमीच्या वाटेवर नवी वस्तू दिसली, की काही दिवस तो ती टाळतो आणि धोका नाही असे कळताच परत येतो. दुसरे कारण हंगामाचे होय. शेतात पीक उभे असते तेव्हा पुष्कळ उंदरांना तेथेच अन्न व आसरा मिळतो. पीक निघाले, भीमा व घोड या नद्यांकाठचा ऊस तुटला, म्हणजे ते वस्तीकडे सरकतात. अशा रीतीने हंगामाने घडलेल्या गोष्टीचे श्रेय गोळीला मिळते. आवाजाच्या उपकरणांचीही गत हीच. त्या आवाजास उंदीर लवकरच सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ साली अशा उपकरणांच्या साठांहून अधिक उत्पादकांना व विक्रेत्यांना, आपल्या दाव्यांस शास्त्रीय पुरावा असला पाहिजे, अशी ताकीद दिली होती.

उंदीर घरात येतो तो धान्यासाठी व आसऱ्यासाठी. ही दोन्ही मुबलक मिळाली म्हणजे काय होते, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यात अनेक कुटुंबांनी तडे गेलेली घरे सोडली. धान्य मात्र आतच राहिले. तेथे उंदीर माजले आणि १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले, अशी त्या साथीची मीमांसा केली जाते. पुणे शहराने तर १८९७ सालीच प्लेगचा कहर अनुभवला होता.

म्हणून खर्च करावयाचा तो धान्य व बिळे यांवर करावा. धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरावे आणि कोठी भिंतीपासून दूर, उंचवट्यावर ठेवावी. पाव इंचाची फटही लहान उंदरास पुरते. यास्तव भोके काचेचे तुकडे व सिमेंट घालून बुजवावीत आणि दाराखाली पत्र्याची पट्टी मारावी. उंदीर भिंतीच्या कडेने धावतो, तेव्हा पिंजरा तेथेच ठेवावा. प्रथम दोन-तीन दिवस तो आमिषासह उघडाच असू द्यावा, म्हणजे उंदराचा संशय फिटतो. शेतातील झिंक फॉस्फाईडचे आमिष मात्र घरात कदापि वापरू नये. त्या विषावर नेमका उतारा नाही. डांबराच्या गोळ्याही निरुपद्रवी नाहीत. मुलाने गोळी गिळल्यास रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होण्याचा धोका असतो.

एका घराने बिळे बुजविली, तर उंदीर शेजारच्या घराचा आसरा घेतात. उंदरांची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते व एका वेळी सहा ते दहा पिले देते. यास्तव हे काम साऱ्या वाडीने एकाच आठवड्यात, धान्य घरात येण्यापूर्वी उरकावे. गोळ्यांच्या भरवशावर घालविलेला प्रत्येक महिना उंदरांची एक नवी पिढी वाढवितो, आणि ती पोसली जाते आपल्याच कणगीतील बाजरीवर.