नरनाळ्याची वाट : किल्ला दिसतो, वाघ दिसतो, मग कोरकू का दिसत नाहीत?

अकोटहून उत्तरेला निघाले की काळ्या जमिनीचे सपाट रान संपते आणि सातपुडा भिंतीसारखा समोर उभा राहतो. पायथ्याच्या शहानूर गावातून नरनाळा किल्ल्यावर चढणारी वाट वऱ्हाडाचा इतिहास, जंगल आणि पाणी एका चढणीत दाखवते. मात्र पर्यटकाच्या कानावर पडते ती राजांची आणि वाघाची गोष्ट. या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कोरकूंचा तिच्यात पत्ता नसतो.

वाटेवर काय दिसते?

शहानूर, मेंढा असे दरवाजे ओलांडत वाट महाकाली दरवाजापाशी पोहोचते. पांढरट दगडातली कमळे आणि सुबक अक्षरातला शिलालेख यांमुळे हा दरवाजा वेगळा उठून दिसतो. बहमनी सरदार फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याने तो १४८७ मध्ये बांधला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १४९० मध्ये, याच फत्तेउल्लाने वऱ्हाडची स्वतंत्र इमादशाही उभी केली. पुढे अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात नरनाळा हे एका सरकारचे ठाणे होते. जाफराबाद आणि तेलियागड हे दोन जोडकिल्ले, नऊगजी तोफ आणि शक्कर तलाव या त्या वैभवाच्या खुणा.

जंगलाचे महत्त्व काय?

मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. नरनाळ्याला १९९७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि आज ते याच प्रकल्पाचा भाग आहे. साग, बांबू, मोह, तेंदू यांच्या या जंगलात वाघ, बिबट, अस्वल, गवा नांदतात. शतकाहून अधिक काळ नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडला. त्याच्या आजच्या महत्त्वाच्या आसऱ्यांत मेळघाटही आहे.

खालच्या गावांचा याच्याशी काय संबंध?

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. तिथे विहीर खोदली तरी पाणी खारे लागते. गोडे पाणी येते ते डोंगरातून. वान नदीवरच्या धरणातून अकोट-तेल्हारा भागाला, तर शहानूर नदीवरच्या धरणातून अंजनगाव-दर्यापूरकडच्या गावांना पाणी जाते. पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात मुरणाऱ्या पाण्यावर संत्री, केळी आणि पानमळे उभे आहेत. डोंगरावरचे झाड तुटले तर झळ अकोटच्या नळाला लागणार, इतके हे सरळ आहे.

मग कोरकू कुठे आहेत?

कोरकू म्हणजे ‘माणसे’. त्यांची भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या कुळातली नाही. ती झारखंडमधील मुंडारीच्या नात्यातली आहे. गावाचा राखणदार मुठवा देव आणि मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव सागवानी खांब ही त्यांची ओळख.

व्याघ्र प्रकल्पासाठी २००० नंतर बोरी, कोहा, कुंड ही गावे प्रथम उठली. मग धारगड, गुल्लरघाट, केलपाणी, सोमठाणा यांसारख्या गावांचे अकोट-तेल्हारा परिसरात पुनर्वसन झाले. केंद्राच्या योजनेत प्रत्येक कुटुंबाला आधी १० लाख आणि २०२१ पासून १५ लाख रुपयांची तरतूद आहे. पण पैसा संपतो आणि शेतीचा नवा धडा पहिल्यापासून गिरवावा लागतो. २०१९ च्या जानेवारीत काही पुनर्वसित कुटुंबे जंगलात परतली तेव्हा संघर्ष उसळला. तो या अस्वस्थतेचाच परिणाम होता.

वाघाला निर्धोक जागा हवी, हे खरेच. माणूस हटल्यावर कुरणे वाढली, तृणभक्षी वाढले, हा वन खात्याचा मुद्दाही खोडून काढता येत नाही. पण गाव हलवले म्हणजे गावाचे ज्ञानही हद्दपार करावे, असे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही.

काय करायला हवे?

नरनाळा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व विभागाकडे, जंगल वन खात्याकडे आणि पुनर्वसन महसूल यंत्रणेकडे. तीन खात्यांच्या मध्ये माणूस हरवतो. त्यावर उपाय फार खर्चीक नाहीत. वाटेवरचे फलक मराठीबरोबर कोरकूतही असावेत आणि त्यांवर दरवाजांच्या सनावळीसोबत जंगलातून उठलेल्या गावांची नावे असावीत. वाटाडे म्हणून शहानूर आणि पुनर्वसित गावांतील तरुणांना पहिला हक्क मिळावा. प्रवेश शुल्काचा ठरावीक वाटा त्यांच्या ग्रामसभांना जावा. पायी येणाऱ्यांची रोजची संख्या मर्यादित ठेवावी. जंगल जत्रेसाठी नाही.

हे स्वप्नरंजन नाही. अमरावती जिल्ह्यातच अचलपूरजवळच्या पायविहीर या कोरकू गावाने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड टेकड्यांवर जंगल वाढवले आणि त्यातल्या सीताफळांतून रोजगारही उभा केला. वनहक्क कायदा २००६ चा आहे. तो काय करू शकतो ते पायविहीरने दाखवले.

महाकाली दरवाजाची कमळे पाच शतके टिकली, कारण ती दगडात आहेत. कोणत्या झऱ्याला चैतातही पाणी असते आणि कोणत्या मोहाखाली अस्वल येते, हे माणसांच्या डोक्यात आहे. ते एका पिढीत पुसले जाऊ शकते. जंगलात वाढलेले म्हातारे आज अकोटच्या आसपास राहतात. वाट बोलती ठेवायची असेल तर सुरुवात त्यांच्यापासून करावी लागेल, आणि ती आताच.