नेट गेले तरी चालणारा धडा : शाळेचे साधन विकत घ्यायचे की घडवायचे?

मसोली (डहाणू) : पावसाळा लागला की आपल्या डोंगरपट्ट्यातल्या पाड्यांवर सगळ्यात आधी रेंज जाते. गेल्या पावसाळ्यात बातमीच्या कामाने तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत बसलो होतो. दुसरीचा वर्ग. भिंतीवर मोठा टीव्ही, वीजही होती. पण नेट नव्हते, त्यामुळे टीव्हीतले ॲप ‘लॉगिन करा’ याच्या पुढे सरकत नव्हते. बाईंनी टीव्ही बंद केला. स्वतःचा फोन आणि घरून आणलेला एक जुना फोन मुलांच्या दोन गटांत ठेवला आणि म्हणाल्या, “चला, एकोणतीस दाखवा.”

फोनवर एकच पान उघडलेले. डावीकडे दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, उजवीकडे सुट्या काड्या, वर तयार होणारा आकडा. बोटाने ओढायचे आणि खाली ठेवायचे, एवढेच. एका मुलीने पटकन तीन गठ्ठे ठेवले, मग नऊ काड्या. वर आकडा आला ३९. ती थबकली. “तीस ऐकलं म्हणून तीन ठेवले,” असे म्हणून तिने एक गठ्ठा मागे नेला. आकडा झाला २९. बाईंनी आणखी एक सुटी काडी ठेवायला लावली. दहा काड्या आपोआप बांधल्या गेल्या, तिसरा गठ्ठा झाला, आकडा ३०. मागून एक पोरगा ओरडला, “म्हणजे तीसला एक कमी!”

एकोणतीस या शब्दाचा अर्थच तो आहे. आपण मोठी माणसे ते विसरून गेलोय. मराठीत संख्या लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी येतो. पंचवीस म्हणजे पाच आणि वीस. त्यात एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही मंडळी पुढच्या दशकाचे नाव घेऊन येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला होता ते आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांना त्यावर पुन्हा पुन्हा खुलासा करावा लागला. वाद बाजूला ठेवू, पण अडचण खरी आहे. ज्या मुलाच्या घरी वारली बोली आहे, त्याला तर ही नावे शाळेतच पहिल्यांदा भेटतात.

चाळीस केबीचे साधन

ती फाईल बाईंनी त्यांच्या नात्यातल्या, डिप्लोमा करणाऱ्या एका मुलाच्या मदतीने बनवली होती. वजन चाळीस केबी. व्हॉट्सॲपवर आपण रोज जे फोटो पाठवतो, ते बहुतेक याहून जड असतात. आत काय आहे? वेबपान बनवायची साधी भाषा, एचटीएमएल, आणि बोटाच्या हालचालीला प्रतिसाद देणारी थोडी जावास्क्रिप्ट. फोनमध्ये ब्राउझर असतोच, त्यात ही फाईल उघडते. एकदा फोनमध्ये आली की नेट लागत नाही, लॉगिन लागत नाही. व्हॉट्सॲपवरून डॉक्युमेंट म्हणून पाठवता येते. फक्त उघडताना क्रोमसारखा ब्राउझर निवडावा लागतो, नाहीतर काही फोनमध्ये पान दिसते पण काड्या हलत नाहीत.

अशा साधनाचा दुसरा उपयोग म्हणजे ते दुसऱ्या पानात बसवता येते. याला एम्बेड करणे म्हणतात. समजा तलासरीच्या एखाद्या शिक्षकाचे गुगल साइट्सवर वर्गाचे पान आहे. डहाणूच्या बाईंचे साधन नेटवर कुठे ठेवलेले असेल, तर त्याचा पत्ता असलेली एक ओळ आपल्या पानात टाकली की तिथे त्या साधनाची खिडकी उघडते. बाईंनी मूळ साधनातली चूक दुरुस्त केली की तलासरीच्या पानावरही ती आपोआप दुरुस्त होते.

मात्र यात एक मेख आहे. खिडकी उघडायला नेट लागते. फोनमधल्या फाईलला नेट लागत नाही, पण तिच्यात दुरुस्ती आपोआप पोहोचत नाही. म्हणून आपल्या भागात दोन्ही हवे. नेटवर एक मूळ प्रत आणि पाड्यावर फिरणारी फाईल. फाईलच्या नावात तारीख टाकली की जुनी कोणती, नवी कोणती, तेही कळते.

कोसबाडने हे आधीच केले

कुणाला वाटेल, ही शहरातली खुळे. पण या विचाराची मुळे आपल्याच तालुक्यात आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत आल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची तयार साधने महाग, गावाला न परवडणारी. म्हणून बिया, खडे, शंख-शिंपले, पाने, काड्या यांची साधने झाली. मुले शाळेत येत नव्हती तर शाळा अंगणात गेली, गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा झाली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो, त्याची सुरुवात या कामातून झाली.

त्या दोघींनी माँटेसरीचा विचार सोडला नाही, सामान बदलले. बी हरवली तर दुसरी उचलायची, कुणा पुरवठादाराला फोन करायचा नाही. आजच्या साधनालाही हीच कसोटी लावायला हवी. बिघडले तर इथले कुणी दुरुस्त करू शकते का? शेतकरी जे अवजार गावात दुरुस्त होत नाही, ते दुसऱ्यांदा घेताना दहा वेळा विचार करतो.

विकत घेतलेल्याचे काय होते

एकेकाळी संगणकावरचे कितीतरी हलते-बोलते धडे फ्लॅश नावाच्या तंत्रावर बनत. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार बंद केला आणि ब्राउझरमधून ते गेले. ज्यांच्याकडे धड्याची मूळ फाईल होती आणि ती बदलणारा माणूस होता, त्यांनी धडे नव्याने बांधले. ज्यांनी फक्त बंद पेटी विकत घेतली होती, त्यांच्याकडे पेटीच उरली.

याउलट शिक्षकांनी स्वतः उभे केलेले टिकले आणि पसरले. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड या शिक्षकाने डिजिटल केली, ती पाहायला राज्यातून शिक्षक गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर कोड आले आणि २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. दोन्ही ठिकाणी सुरुवात वर्गातल्या अडचणीतून झाली, खरेदीच्या फाईलमधून नाही. पण क्यूआर कोडचीही मर्यादा आपल्याला माहीत आहे. कोड पुस्तकावर असतो, धडा नेटवर असतो आणि नेट टेकडीच्या पलीकडे असते.

सगळे इथेच बनवायला हवे असेही नाही. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये फेट हा प्रकल्प सुरू केला. त्यातले विज्ञान-गणिताचे प्रयोग फुकट आहेत, बरेच मराठीत आहेत, आपल्या पानात बसवता येतात आणि उतरवून नेटशिवायही चालवता येतात. आठवी-नववीच्या शिक्षकांना विद्युत परिपथ शिकवायला ते आजच कामाला येतील. पण दुसरीतल्या पोरीचे एकोणतीस कोलोराडोत कुणाला सुचणार नाही. ते इथेच सुचणार.

तसेच भूमितीचे. वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. डोके वर्तुळ, देवचौक चौकोन. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्रिकोण फिरवून, लहान-मोठा करून तारपा नाच मांडता येईल असे एक पान बनवले तर आकार, कोन, सममिती सगळे त्यात येते. ही कला ज्यांच्या घरच्या भिंतीवर आहे, ती मुले इथे बाईंनाच दोन गोष्टी शिकवतील.

सावध कुठे राहायचे

पहिली गोष्ट, काडी हातात धरण्याची जागा स्क्रीन घेऊ शकत नाही. त्या वर्गातही बाईंनी आधी खऱ्या काड्या आणि रबर दिले होते. फोन नंतर आला. फोनचा फायदा एवढाच, की चूक लगेच आकड्यात दिसते आणि बाईंना तीस मुलांमागे फिरावे लागत नाही.

दुसरी, प्रत्येक उत्तराला टाळ्या, फुगे, गुण देणारी साधने. मूल गुणांच्या मागे लागते आणि अंदाजे बोटे मारते. चांगले साधन बक्षीस देत नाही, काय झाले ते दाखवते.

तिसरी, मुलाचे नाव आणि पालकांचा मोबाईल नंबर मागणारी पाने. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असे म्हटले आहे. काड्या मोजायला नाव कशाला लागते?

आणि चौथी, सगळे ओझे शिक्षकावर टाकणे. बाईंनी हे रात्री घरी बसून, स्वतःच्या फोनवर केले. माहित्या भरणे, सर्वेक्षण, निवडणुकीची कामे सांभाळून किती जण असे करतील?

मागणी मोठी नाही

पहिली ते तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता यावा म्हणून केंद्राने २०२१ मध्ये निपुण भारत सुरू केले, मुदत २०२६-२७ ची आहे. २०२० चे शैक्षणिक धोरण मुलाच्या घरच्या भाषेला महत्त्व द्या म्हणते. साधनाची फाईल खुली असेल तर त्यातले मराठी शब्द काढून वारली शब्द घालणे हे एका दुपारचे काम आहे. तलासरीच्या सीमेवर गुजराती घालता येईल. शिक्षक आपल्या आवाजात संख्या बोलून जोडू शकतो. बंद ॲपमध्ये यातले काहीच करता येत नाही.

म्हणून दोन्ही तालुक्यांच्या गटशिक्षण कार्यालयांनी एवढेच करावे. दर महिन्याच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक तास साधनांना द्यावा, ज्याला जमते त्याने दाखवावे. तालुक्याचे एक पान करून साधने इयत्तेनुसार तिथे ठेवावीत आणि तीच पेनड्राइव्हवर प्रत्येक केंद्रशाळेला द्यावीत. बनवणाऱ्या शिक्षकाचे नाव साधनावर असावे आणि तेवढे दिवस त्याला इतर कामांतून सूट मिळावी.

आणि गावकऱ्यांसाठी. ग्रामपंचायतीच्या निधीतून किंवा कंपनीच्या सीएसआरमधून पुढचा टीव्ही, टॅब शाळेत येईल तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीने सही करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. नेट नसताना यातले काय चालेल? यातला शब्द बदलायचा असेल तर आमच्या बाई बदलू शकतील का? वर्गणी संपल्यावर शाळेकडे काय उरेल? उत्तर लेखी घ्या. मी ज्या शाळेत बसलो होतो तिथे हे प्रश्न कुणी विचारले नव्हते. टीव्ही अजून भिंतीवर आहे आणि वर्ग बाईंच्या फोनवर चालू आहे.