सव्वा महिन्यानंतरचा एक व्यायाम

बाळंतिणीची व्यवस्था आपल्या घरांत बहुधा आजीकडे असते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, तेलाचे मालीश, कानाला बांधलेला रुमाल, या साऱ्यांत आपली पिढी तयार आहे. मात्र त्या खोलीत एका गोष्टीचा उच्चार होत नाही. खोकताना, शिंकताना, हसताना लघवी निसटते, हे नव्या आईने कोणाला सांगावे, आणि सांगितलेच तर ऐकणाऱ्याने काय करावे, हे कोणीच ठरवून ठेवलेले नसते.

काही महिन्यांपूर्वी एक आजी आपल्या लेकीला घेऊन माझ्याकडे आल्या. लेक पहिलटकरीण, चिमटा लावून प्रसूती झाल्यास सात आठवडे झाले होते. ती अडखळत सांगू लागली, तोच आजी म्हणाल्या, ‘‘अहो, बाईच्या जन्माला हे असतंच. मलाही तेव्हापासून आहे.’’ ‘तेव्हापासून’ म्हणजे एकतीस वर्षे! विचारल्यावर हळूहळू पुढचेही कळले. गावाला जायचे त्या दिवशी त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि भजनी मंडळात जाणे त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोडले. घरी सर्वांना सांगितलेले कारण गुडघ्यांचे.

हे पुष्कळ जणींना होते, हे आजींचे म्हणणे खरेच आहे. बाळंतपणानंतर सुमारे तीन स्त्रियांपैकी एकीला हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो. परंतु पुष्कळांना होते म्हणून ते सोसलेच पाहिजे, हे मला मान्य नाही.

आपल्या ओटीपोटाला तळ असतो, याची आपल्याला सहसा जाणीव नसते. पुढे जांघांच्या मध्यावरचे हाड आणि मागे माकडहाड, यांच्यामध्ये स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. डॉक्टर तिला ‘पेल्व्हिक फ्लोअर’ म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय तिच्यावर विसावलेले असतात, आणि लघवीची, योनीची व शौचाची वाट तिच्यातूनच जाते. वाटा मिटून धरणे हेही तिचेच काम. नऊ महिने तिच्यावर भार पडतो आणि प्रसूतीच्या वेळी ती कितीतरी पटींनी ताणली जाते, कधी फाटतेही. पोट शिवून झालेल्या बाळंतपणात हा ताण टळतो, पण नऊ महिन्यांचा भार टळत नाही. म्हणून ‘हिचे सिझेरियन आहे, हिला गरज नाही’ असे समजू नये.

ताणलेला स्नायू व्यायामाने सुधारतो. अर्नॉल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामाविषयी लिहिले, म्हणून त्याला आजही केगेलचा व्यायाम म्हणतात. योगाभ्यास करणाऱ्यांना मूलबंध आणि अश्विनी मुद्रा ठाऊक असतील. हा व्यायाम त्यांना फार परका वाटणार नाही.

आरंभी उताणे निजून, गुडघे दुमडून करावा. चारचौघांत वायू आणि लघवी दोन्ही एकाच वेळी रोखावयाची आहेत अशी कल्पना करावी, आणि तो तळ आत व वर ओढून घ्यावा. चार-पाच सेकंद धरावा, मग पूर्ण सैल सोडावा. सैल सोडणे हाही व्यायामाचाच अर्धा भाग आहे. घाईत बहुतेकींचे तेच राहून जाते. श्वास कोंडू नये. कुल्ले आणि मांड्या आवळल्या जात असतील तर चुकते आहे असे समजावे. एका वेळी आठ ते दहा, दिवसातून तीन वेळा. पुढे धरण्याचा काळ दहा सेकंदांपर्यंत वाढवावा. खोकला किंवा शिंक येणार असे वाटताच आधी तळ आवळून धरण्याची सवय लावावी. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव मात्र करू नये. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. निकाल आठवड्यात दिसत नाही, किमान तीन महिने हवेत. नैसर्गिक प्रसूतीनंतर लघवीची नळी काढल्यावर, त्रास होत नसेल तर, पहिल्या काही दिवसांतच हलकेच सुरुवात करता येते. टाके अधिक असतील तर डॉक्टरांना विचारावे.

आता आपल्या रीतींविषयी थोडेसे. पोट बांधण्याने आधार वाटतो, पण पट्टा स्नायूंचे काम करीत नाही. आणि करकचून आवळला तर दाब खाली, त्या दुबळ्या झोळीवरच येतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, शौचाला कुंथावे लागणे फार वाईट. पाण्याची भरलेली बादली वा हंडा तिला उचलू देऊ नये. लघवी निसटते म्हणून पाणी कमी देणे ही तर उलटी चाल. लघवी दाट झाली की मूत्राशय अधिकच चिडते.

शौच वा वायू आवरत नसेल, लघवी सतत ठिबकत असेल किंवा मुळीच होत नसेल, ताप असेल, खाली गोळा जाणवत असेल तर घरी थांबू नये. ‘अंग बाहेर येणे’ या नावाने आपण ओळखतो त्या दुखण्यालाही उपाय आहेत: व्यायाम, आत बसवावयाची सिलिकॉनची कडी, आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया. गर्भाशय न काढता ते वर बांधून ठेवण्याची एक शस्त्रक्रिया मुंबईत काम केलेल्या, मूळ गोव्याच्या डॉ. वि. ना. शिरोडकर यांच्या नावाने ओळखली जाते.

त्या दिवशी लेकीला शिकवून झाले. आजी पर्स उचलून दारापर्यंत गेल्या आणि लेक बाहेर पडताच वळून म्हणाल्या, ‘‘माझ्या वयात काही उपयोग?’’ उपयोग आहे. पाळी गेल्यावर हे स्नायू आणि भोवतीची त्वचा अधिकच दुबळी होते, सुधारणा सावकाश होते, पण होते. रात्री घाईने न्हाणीघराकडे धावताना पडणारे वृद्ध मी पाहिले आहेत, म्हणून हा प्रश्न लाजेचा मानून सोडून देता येत नाही.

परवा आजी पुन्हा आल्या होत्या. थेंब पूर्ण थांबलेले नाहीत. शिंकेला अजून दगा होतो. कडी बसवावी लागेल का, हे पुढच्या तपासणीत ठरेल. लेक व्यायाम करते तेवढी दहा मिनिटे बाळ त्यांच्या मांडीवर असते, आणि त्या स्वतःचा व्यायाम सकाळी जपाच्या वेळी करतात. मणी ओढले की मोजदाद चुकत नाही, असे त्यांचे म्हणणे.